दिवा लावते, पण बोलणार नाहीये तुझ्याशी

पत्र:

काकू नमस्कार, मी मोहोळ तालुक्यातली, वय ३६, मला तू म्हटलंत तरी चालेल. श्रावणात मिस्टरांच्या मानेला गाठ आली, बायोप्सीत लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर निघाला. बार्शीला केमो चालू आहे, एकवीस दिवसांनी एक अशा सहा, त्यातल्या दोन झाल्या. डॉक्टर म्हणतात रिस्पॉन्स चांगला आहे पण पुढचं आत्ताच सांगता येणार नाही. पुढच्या महिन्यात एकदा मुंबईला टाटाला दाखवून यायचंय. लग्न झाल्यापासून माझी रोजची पूजा कधी चुकली नव्हती, आता देवासमोर बसलं की हातच जोडले जात नाहीत, राग येतो, आणि मग राग आला म्हणून भीती वाटते. फ्रीजवर स्वामींचा फोटो आहे, भिऊ नकोस मी तुझ्या पाठीशी आहे असं लिहिलेला, तो बघितला की रडू येतं कारण मी तर चोवीस तास भ्यालेलीच असते. रात्री तीनला जाग येते ती येतेच. सासूबाई म्हणतात तू मध्ये सोमवार सोडलेस म्हणून हे घरावर आलं. म्हणून आता सोमवार, गुरुवार, संकष्टी सगळं धरलंय. एक पाहुणे मागे लागलेत की एका महाराजांकडे चला, ते केमो बंद करायला लावतात आणि अंगारा देतात, अकरा हजार घेतात. आणि माझी नऊ वर्षांची मुलगी रोज विचारते, बाप्पा बाबांना बरं करणार ना? मी काय सांगू तिला? माझा विश्वास कमी पडतोय का काकू?

उत्तर:

अगं, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते म्हणजे निदान आजची रात्र तरी जरा बरी जाईल. नाही. तुझा विश्वास कमी पडत नाहीये. तू दमलीयेस आणि घाबरलीयेस, आणि ज्या बाईच्या नवऱ्याला केमो चालू आहे ती घाबरणार नाही तर कोण घाबरणार.

पण बाकीचं सगळं बोलायच्या आधी ते महाराजांचं. नाही जायचं. पाहुण्यांना तोंडावर सांग, वाईटपणा आला तरी येऊ दे. दोन केमोनंतर रिस्पॉन्स चांगला आहे असं डॉक्टर म्हणतायत तर आत्ता मध्येच बंद करणं म्हणजे हातात आलेलं सोडून देणं आहे, लिम्फोमावर केमो चालते, खूप जणांना चालते, आणि वेळापत्रक मोडलं की तीच गाठ पुन्हा डोकं वर काढू शकते. चमत्काराचा दावा करून पैसे काढणं, लोकांना फसवणं हा आपल्याकडे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे हे पण पाहुण्यांच्या कानावर घाल. आणि मी देव मानणारी बाई आहे म्हणूनच जरा रागाने लिहितेय, देवाच्या नावावर औषध बंद करायला लावणारा माणूस देवाचा नसतो. ते अकरा हजार मुंबईच्या खर्चाला ठेव. तिकडे दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे, टाटाला येणारे बाहेरगावचे पेशंट आणि त्यांची माणसं तिथे राहतात, जायच्या आधी चौकशी करून जागेचं बघा. फुले जनआरोग्य योजनेतून पाच लाखांपर्यंतचा खर्च बसतो, हॉस्पिटलमध्ये आरोग्यमित्र म्हणून माणूस बसलेला असतो, अजून त्याला भेटली नसशील तर पुढच्या केमोला रेशनकार्ड आणि आधार घेऊन भेट.

अजून एक, हे पण देवाधर्माशीच जोडलेलं आहे म्हणून इथेच सांगते. केमोनंतर साधारण सातव्या दिवसापासून पुढे आठवडाभर रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली जातात, तेव्हा साधं इन्फेक्शन पण अंगावर येतं. त्या दिवसांत त्यांना गर्दीच्या देवळात नेऊ नको, कच्च्या दुधाचं पंचामृत, कुणीतरी बाटलीत भरून आणलेलं तीर्थ, पाण्यात कालवलेला अंगारा असलं काही पोटात जाऊ देऊ नको. कपाळाला लावा म्हणावं, हरकत नाही. आणि ताप १०० पॉइंट ४ च्या वर गेला की रात्रीचे दोन असले तरी हॉस्पिटलला फोन करायचा, सकाळपर्यंत बघू, क्रोसिन देऊन बघू, असं करायचं नाही. थर्मामीटर देव्हाऱ्याजवळच ठेव, म्हणजे रात्री शोधावा लागणार नाही.

आता सोमवार.

सोमवार सोडले म्हणून कुणाला कॅन्सर होत नाही गं. सासूबाई असं का म्हणतायत ते मला कळतं. त्यांचा पोटचा मुलगा आहे तो, आणि आपल्या मुलाला हे उगाच झालं, काही कारण नसताना झालं, हे कुठल्याही आईला सहन होत नाही, कारण पाहिजे असतं, कुणाची तरी चूक सापडली की निदान ती चूक सुधारता येईल असं वाटतं. त्यांच्याशी भांडू नको. पण मनावर घेऊ पण नको. आणि तू जे तीन तीन उपास धरलेस ते आजच्या आज सोड. संकष्टीला चंद्र उगवेपर्यंत पोटात काही नाही, दिवसभर पेशंटचं करायचं, दुसऱ्या दिवशी पहाटे बार्शीची गाडी गाठायची, आणि तू हॉस्पिटलच्या पायरीवर चक्कर येऊन पडलीस तर त्यांच्याकडे कोण बघणार. तुला सोडवत नसेल तर कुलदैवताला हात जोडून सांग की बाई, आत्ता माझ्याकडे एवढंच आहे, हे बरे झाले की ओटी घेऊन येते. तुमची तुळजापूरचीच असेल ना, सोलापूरकडे बहुतेकांची तीच असते. आईच आहे ती, तिला कळतं.

आणि पूजा चुकते म्हणून जे तुला लागून राहिलंय त्याला तर उत्तर तुझ्याच जिल्ह्यात आहे, मोहोळपासून पंढरपूर लांब नाही. विठोबा विटेवर का उभा आहे? पुंडलिक आईबापांची सेवा करत होता, देव दारात आला, पुंडलिक म्हणाला थांब जरा, आणि हाताशी असलेली वीट टाकली, ह्याच्यावर उभा राहा म्हणाला, माझं काम चालू आहे. आपण हे लहानपणापासून ऐकतो आणि पुढे जातो, पण बघ ना, घरातल्या माणसाचं करणाऱ्याने देवाला थांबवलं आणि देव रागावला नाही, निघून गेला नाही, कमरेवर हात ठेवून उभा राहिला, तो अजून उभाच आहे. तू त्यांचं डोकं धरून उलटीची बादली पुढे करत असतेस तेव्हा तुझी पूजा चुकत नसते. वीट टाकलीयेस तू, तो थांबेल.

फ्रीजवरच्या त्या फोटोबद्दल मी दोन दिवस विचार करत होते. अक्कलकोट तुम्हाला जवळच, तिकडे तर रिक्षामागे, दुकानात, मोबाइलच्या कव्हरवर सगळीकडे ते वाक्य असतं, आणि मला आठवतं मला पण एका काळात ते वाक्य टोचायचं, तू घाबरतेस म्हणजे तुझा विश्वास नाही असं कुणीतरी सुनावतंय असं वाटायचं. पण भिऊ नकोस हे कुणाला सांगतात गं? जो भ्यालाय त्यालाच ना. अंधारात रडणाऱ्या पोराला आपण जवळ घेऊन म्हणतो भिऊ नको, मी आहे, ते काय त्याला रागावणं असतं का? पोर घाबरलं म्हणून तर आपण उठून गेलो. ते वाक्य तुझ्या भीतीला दिलेलं उत्तर आहे, तुझ्या भीतीवरचा शेरा नाहीये. फोटो राहू दे. रडू आलं तर रड त्याच्यासमोर.

आता माझं सांगते, कारण नुसतं दुसऱ्याला सांगणं सोपं असतं.

एप्रिल २०२१. माझे मिस्टर आणि माझा धाकटा भाऊ, दोघेही कोविडने ॲडमिट, चार दिवसांच्या अंतराने, एकाच हॉस्पिटलमध्ये. आत सोडत नव्हते, आम्ही बाहेर पार्किंगमध्ये झाडाखाली बसून असायचो, मी, वहिनी आणि भाची, संध्याकाळी एकदा फोन यायचा, ऑक्सिजन किती लागतोय ते सांगायचे, रेमडेसिविरसाठी कोण कुठे पळालं त्याचा हिशोब नाही. माझी आई तेव्हा ८१ वर्षांची, घरी होती, एकाच देव्हाऱ्यासमोर एकाच दिव्याकडे बघून जावयासाठी आणि मुलासाठी सकाळ संध्याकाळ विठ्ठलाला साकडं घालत होती. भाऊ अकराव्या दिवशी गेला. आम्हाला त्याचा चेहरा पण नीट बघता आला नाही. हे सतराव्या दिवशी घरी आले, चालत आले, आज समोर पेपर वाचत बसलेत.

लोक भेटायला आले की मला म्हणायचे, देवाने तुझी हाक ऐकली. ते चांगल्या मनाने म्हणायचे, पण आई शेजारच्या खोलीत असायची, आणि मला वाटायचं की मग आईची नाही ऐकली का? तिचं काय चुकलं होतं? माझ्यापेक्षा शंभर पटीने भाविक बाई. तेव्हापासून मी कुणाच्या घरी जाऊन देवाने ऐकलं असं बोलत नाही, आणि ज्याच्या घरातलं माणूस गेलं त्याला देवाची इच्छा असं पण म्हणत नाही. मला माहीत नाही ती इच्छा. मला ते कोडं सुटलेलं नाहीये आणि तुला सोडवून दाखवते असं खोटं बोलणार नाही.

सुतक फिटलं तरी आईने देव्हाऱ्याचं दार उघडलं नाही. मे गेला, जून गेला. साठ वर्षं रोज दिवा लावणारी बाई, आम्ही काही बोललो नाही. आषाढी आली, त्या वर्षीही पायी वारी नव्हती, संतांच्या पादुका एसटीने पंढरपूरला चालल्या होत्या, टीव्हीवर दाखवत होते, फुलांनी सजवलेल्या बसेस आणि रस्ता मोकळा. आई बराच वेळ बघत बसली. मग उठली, देव्हाऱ्याचं दार उघडलं, मूर्तीवरची धूळ पदराने पुसली, वात वळली, दिवा लावला, आणि मोठ्याने, आम्हाला सगळ्यांना ऐकू येईल असं म्हणाली, दिवा लावते, पण बोलणार नाहीये तुझ्याशी.

आणि खरंच बोलली नाही. दिवाळी होऊन गेली तरी नाही. रोज दिवा मात्र लावायची. मग एक दिवस मी स्वयंपाकघरात होते, भाचीची बारावीची प्रॅक्टिकल जवळ आली होती, आणि आई देवासमोर पुटपुटताना ऐकू आली, पोरीचं बघ रे, तिला आता बाप नाही. म्हणजे तिथूनच सुरू केलं तिने, तक्रारीतूनच.

मला विचारशील तर विश्वास मी तेव्हा बघितला. आधीच्या साठ वर्षांत बघितला असेल पण तेव्हा तो ओळखू आला. रिपोर्ट चांगलाच येणार अशी मनाची खात्री म्हणजे विश्वास असं मी आता मानत नाही, तशी खात्री मला नव्हती आणि तुला पण यायची गरज नाही. रिपोर्ट कसाही आला तरी ज्याच्यासमोर जाऊन मला रडता येतं, चिडता येतं, गप्प बसता येतं असा कुणीतरी आहे, आणि मी पाठ फिरवली तरी तो जाणार नाही, एवढंच माझ्याकडे आहे, आणि तेवढ्यावर माझे दिवस चाललेत. म्हणून सांगते की राग येतो याला घाबरू नको. परक्या माणसावर आपण एवढं चिडत नाही. जनाबाईने तर विठोबाला कारट्या म्हटलंय, आणि तो अभंग कुणी लपवून ठेवला नाही, आजही लोक तो म्हणतात. हात जोडले जात नाहीत ना, मग नको जोडू. बस नुसती समोर. किंवा बसू पण नको, दिवा लाव आणि जा कामाला.

तुकोबांचं एक सांगायचंय. १६२९-३० चा दुष्काळ, देहूचं चांगलं खातंपितं वाण्याचं घर, त्यात दिवाळं निघालं, मान गेला, पहिली बायको अन्न अन्न करत गेली, हे त्यांनी स्वतःच एका अभंगात सांगून ठेवलंय. त्याच सुमाराला मुलगा गेला. आपल्याला हे माहीत असतं, पण मला धीर येतो तो ह्याच्यापुढच्या भागाने. त्याच अभंगात ते सांगतात की लाज वाटली, जीव त्रासला, धंदा बुडत चालला. मग गावातलं देऊळ मोडकळीला आलं होतं ते नीट करावंसं वाटलं. म्हणजे आधी हाताला काहीतरी काम घेतलं. मग एकादशीला कीर्तन करायला लागले, पण सुरुवातीला त्यात चित्त नव्हतं. हे तुकोबा म्हणतायत! चित्त नव्हतं! आणि मग काय केलं, तर पुढे जे गात होते त्यांचं ध्रुपद धरलं.

तू गावाकडची आहेस, तुला ध्रुपद धरणं म्हणजे काय ते मी सांगायला नको. पुढचा गातो, मागे उभे राहिलेले टाळकरी तेवढी एक ओळ परत परत म्हणतात. मागच्याला सगळा अभंग पाठ असायला लागत नाही, आवाज चांगला लागत नाही, एखादा मध्येच गप्प झाला तरी भजन थांबत नाही, बाकीचे ओढून नेतात. तर आत्ता तू मागे उभी राहा. तुझ्या वाटचं दुसऱ्यांना म्हणू दे. गावात एकादशीचं भजन असेलच, त्यांना गर्दीत नेऊ नको पण तू एकटी अर्धा तास जाऊन मागे भिंतीला टेकून बस, तोंड उघडलं नाही तरी चालेल, घरी आल्यावर हातपाय साबणाने धुऊनच त्यांच्याजवळ जा. आणि सासूबाईंना म्हण, आई, सध्या देवाचं तुम्ही बघा, मी ह्यांचं बघते. त्यांना पण काहीतरी करायला हवंय गं, नुसत्या खाटेकडे बघत बसून माणूस कडू होतो.

मुलीचं मात्र सगळ्यात जपून.

बाप्पा बाबांना नक्की बरं करणार असं वचन तिला देऊ नको. मला हे लिहिताना जड जातंय, पण देवाच्या वतीने आपण शब्द द्यायचा नाही, कारण तो शब्द पाळणं आपल्या हातात नाही, आणि नऊ वर्षांचं पोर तो शब्द विसरत नाही, उद्या काही कमी जास्त झालं तर तिच्या आयुष्यातून दोघं जातील. आणि नाही करणार असं तर कोण म्हणतंय. तिला खरं तेवढंच सांग. बाबांना मोठा आजार झालाय, त्याचं नाव हे, डॉक्टर चांगलं औषध देतायत, औषध लागू पडतंय, केस गेलेत ते औषधामुळे, परत येतील. बाबा बरे व्हावेत असं आपण सगळे बाप्पाजवळ मागतोय. काय होईल ते आईला पण माहीत नाही, पण आई तुझ्याजवळ आहे. आणि तिला विचार की तुला बाप्पाला काय सांगायचंय. ती कदाचित म्हणेल मला भीती वाटते, कदाचित म्हणेल मला राग आलाय, कदाचित म्हणेल मला सहलीला जायचंय. सगळं चालतं. तिने अभ्यास नीट केला नाही किंवा बाप्पाचं ऐकलं नाही म्हणून बाबा आजारी पडले असं तिच्या डोक्यात नाहीये ना, हे एकदा हळूच काढून बघ, मुलं असलं काहीतरी मनात धरून बसतात आणि कुणाला सांगत नाहीत. तिच्या आजीला पण तेवढं बजाव, सोमवारचं बोलणं पोरीच्या कानावर नको.

राहिलं ते रात्री तीनचं. तेव्हा रिपोर्ट काढून वाचू नको, मोबाइलवर लिम्फोमा टाकून शोधू नको, त्या वेळी कुठलाही आकडा चांगला दिसत नाही. उठ, घोटभर पाणी पी, त्यांच्या कपाळाला हात लावून ताप बघ, आणि देवाला जे म्हणायचंय ते शिवी असली तरी म्हण. मी पार्किंगमध्ये फक्त विठ्ठल विठ्ठल म्हणायचे, भक्तीने नाही, दुसरा शब्दच आठवायचा नाही म्हणून. आणि दिवसासुद्धा जेवण जात नसेल, झोप पंधरा पंधरा दिवस येत नसेल, मरून जावंसं वाटायला लागलं तर १४४१६ हा टेलिमानसचा नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, रात्री पण उचलतात, मराठीत बोलतात. तिथे फोन केला म्हणजे देवावरचा भरवसा सुटला असं समजू नको, तू डॉक्टरांकडे नवऱ्याला नेतेस तसंच हे.

तिसऱ्या केमोच्या आधी रक्त तपासतील, काउंट कसे आले ते दोन ओळी लिहून कळव. मुंबईला काय म्हणाले ते पण कळव. आणि पत्रात तू सगळं लिहिलंस पण त्यांचं नाव लिहिलं नाहीस, नुसतं मिस्टर मिस्टर लिहिलंयस. पहिलं नाव कळव, आडनाव नको. आई आता ८५ च्या पुढे आहे पण दिवा अजून तीच लावते, तिला तुझं पत्र वाचून दाखवलं, ती म्हणाली नाव विचारून घे, मी रोज संध्याकाळी घेत जाईन.